डिस्पॅच ऑफिसातला निळा पडदा

बी.कॉम. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत मुलीला कशात तरी गुंतवायला हवं, म्हणून वडिलांनी मला पेणच्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. विंडोज पंच्याण्णव तेव्हा नवं होतं आणि क्लासचे सरही त्यात आमच्यापेक्षा फार पुढे नव्हते. लग्न काही ठरलं नाही, नोकरी मात्र ठरली. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीला कॉम्प्युटर ऑपरेटर हवी होती. मुलाखतीत फॅक्टरी मॅनेजरांनी मला एकच प्रश्न विचारला, "कॉम्प्युटरची भीती वाटते का?" मी नाही म्हटलं. "मग झालं," ते म्हणाले. "आमच्याकडे बाकी सगळ्यांना वाटते."

या मॅनेजरांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त ज्या गोष्टीला पैसे पडले ती चुकीची असू शकते, हे त्यांना पटत नसे.

माझी जागा गेटाजवळच्या डिस्पॅच ऑफिसात होती. माल भरलेला ट्रक बाहेर पडायचा तर त्याचं चलन आणि गेटपास लागायचा. पूर्वी हे काम एक क्लार्क हाताने, कार्बन घालून करत. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ पेणजवळच्या जोह्याचे. घरचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि गणपतीच्या आधी ते हमखास रजा टाकून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला बसत. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं की जुनी चलनं फायलीत नुसती बघत बसावीत. पण कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी नोटीस लावली, यापुढे हाताने लिहिलेलं चलन गेटवर चालणार नाही. भाऊंनी पेन खिशाला अडकवलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून टपाल फोडायला लागले. त्यांना माझा राग यायला हवा होता. तो आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मी रुजू होण्याच्या थोडं आधी त्या मशीनचं डिस्प्ले कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारी आतली पट्टी, जळून गेलं होतं आणि पनवेलच्या मेकॅनिकने नवं बसवून दिलं होतं. त्याच फेरीत साहेबांनी त्याच्याकडून एक शोभेची गोष्टही करून घेतली होती. मशीनला थोडा वेळ कोणी हात लावला नाही, की पडदा काळा व्हायचा आणि त्यावर 'सेफ्टी फर्स्ट' ही इंग्रजी अक्षरं लालभडक, जाडजूड, चकाकत गिरक्या घ्यायला लागायची. साहेब येता-जाता खिडकीतून ती अक्षरं बघत आणि पुढे जात. दिवस बरा जाणार, असं काहीतरी त्यांच्या चालण्यात दिसायचं.

पहिल्याच आठवड्यात एकदा चहा पिऊन परत आलो तर पडदा निळाशार. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी आणि आकडे. मी की-बोर्डवर जे दाबता येईल ते दाबलं. काही होईना. बंद करून पुन्हा चालू केलं तेव्हा अर्धं टाइप केलेलं चलन गायब होतं आणि बाहेर ट्रकांची रांग लागली होती. अकाउंट्सपासून सिक्युरिटीपर्यंत जो तो दारात येऊन मला एकच विचारत होता, "काय दाबलंस?"

"काही नाही दाबलं. आम्ही चहा पीत होतो."

"मग चहाच्या आधी काय दाबलंस?"

पुढच्या काही दिवसांत हे पुन्हा झालं, आणि मग होतच राहिलं. कधी दिवसातून दोनदा, कधी आठवडाभर अजिबात नाही. साहेबांनी स्वतः येऊन पाहणी केली आणि पहिलं कारण शोधलं. धूळ. दुसऱ्या दिवसापासून डिस्पॅचमध्ये चपला बाहेर काढायचा नियम झाला. ट्रकवाले तर खिडकीशी येतानासुद्धा चपला काढायला लागले. अनवाणी पायांनी उभे राहून ते काचेतून मशीनकडे बघत, आणि माझ्याशी हळू आवाजात बोलत. चार दिवस मशीन छान चाललं. पाचव्या दिवशी पडदा निळा.

मग पनवेलचा मेकॅनिक आला. हा चाळिशीचा, गोड बोलणारा गृहस्थ. हातात ब्रीफकेस, ब्रीफकेसमध्ये फ्लॉपी आणि दाढीचा ब्रश. ब्रशने त्याने मशीनची मागची बाजू झाडली, वर हात ठेवून बघितला आणि म्हणाला, "तापतंय. एसी पाहिजे." कंपनीत एसी फक्त साहेबांच्या केबिनमध्ये होता. पण ट्रक अडकून राहणं परवडणारं नव्हतं, म्हणून डिस्पॅचला एसी बसला. त्या दिवसापासून माझी लोकप्रियता फार वाढली. अकाउंट्सचे लोक डबे घेऊन माझ्याकडे जेवायला यायला लागले. स्टोअरकीपर दुपारी फाइल घेऊन येत आणि फाइल न उघडता तासभर बसत. या सगळ्या गर्दीत मशीन दोन आठवडे नीट चाललं. साहेबांनी मेकॅनिकला आभाराचा फोन केला. तो फोन ठेवल्यानंतरच्या चहाच्या सुट्टीत पडदा निळा झाला.

आता पाळी वायरमनमामांची होती. मामा वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातले, कंपनीतले सगळ्यात जुने वायरमन. ते खोलीत आले, भिंतीला कान लावल्यासारखे उभे राहिले आणि मला म्हणाले, "अर्थिंग बरोबर नाय गो पोरी. करंटाला भायेर जायाला वाटच नाय. मंग तो डोक्यात जानार, नायतर काय करनार?"

साहेबांना हे फार पटलं. ऑफिसच्या मागे माणूसभर खड्डा खणला गेला. त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाइप. मीठ मामांनी गावच्या मिठागरातून स्वतः आणलं होतं आणि ते कसं खडा बघून निवडलं हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम त्यांनी कोणाला दिलं नाही. पाणी ओतून झालं की खिडकीतून डोकावत, "कसा हाय?" मी म्हणायची, "बरा आहे मामा." जणू आत कोणी आजारी झोपलं होतं.

खड्ड्यालाही न जुमानता मशीन गेलं, तेव्हा साहेबांनी शेवटचा हुकूम काढला: मशीन एकटं सोडायचं नाही. कोणीतरी समोर बसलेलं पाहिजे. कोणीतरी म्हणजे अर्थातच भाऊ. मी चहाला, जेवायला किंवा फाइल करायला उठले की भाऊ माझ्या खुर्चीत बसत. त्यांना मशीन येत नव्हतं. ते कंटाळून माऊस फिरवत आणि पडद्यावरचा बाण हळूहळू वळवून मूर्तीच्या डोळ्याचा आकार काढत. वरची पापणी, खालची पापणी, मधे बुबुळ. काहीच उमटत नसे, पण हात थांबत नसे. आणि मशीन पडलं नाही. श्रावण लागेपर्यंत एकदाही नाही.

कंपनीत यावरून तीन पक्ष झाले. मेकॅनिक म्हणे एसीने काम केलं. मामा म्हणत खड्ड्यात आता पाणी मुरलं. साहेबांचं मत शिस्तीच्या बाजूने होतं. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

मग गणपती जवळ आले आणि भाऊ रजेवर गेले. पहिल्याच दिवशी मशीन दोनदा गेलं. एसी चालू, चपला बाहेर, खड्डा ओला. तेव्हा माझ्या मनात आलं की बदललं काय? फक्त भाऊ नाहीत. मी त्या दिवशी दुपारी डबा टेबलावरच उघडला आणि मशीनला हात न लावता त्याच्याकडे बघत जेवत बसले. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. लाल अक्षरं आली. एक गिरकी, दुसरी गिरकी, मग 'फर्स्ट' मधलं शेवटचं अक्षर अडखळलं, सगळी अक्षरं जागच्या जागी थिजली आणि पडदा निळा झाला. मशीन मरताना मी पहिल्यांदाच बघत होते. इतक्या महिन्यांत कोणीच बघितलं नव्हतं, कारण ते मरायचं तेव्हा आम्ही चहा पीत असायचो.

मी तशीच साहेबांकडे गेले. "साहेब, मशीन बंद पडतं ते ती फिरणारी अक्षरं चालू असतानाच. ती काढली तर..."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे केमिकल कंपनीत आपण सेफ्टी बंद करायची?"

"सेफ्टी नाही साहेब, नुसती अक्षरं."

"अक्षरं काय करणार आहेत मशीनला?" ते म्हणाले.

याचं उत्तर मला रविवारी पेणला मिळालं. क्लासच्या सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि त्यात बोट घालून ठेवत मला समजावलं. विंडोज आणि आतलं कार्ड यांची भाषा वेगळी असते. मधे एक दुभाष्या लागतो. त्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. साधं काम असेल तेव्हा चुकीचा दुभाष्याही वेळ मारून नेतो. पण गिरक्या घेणारी, चकाकणारी अक्षरं काढायची म्हणजे भरभर बोलावं लागतं, आणि तिथे त्याची गडबड उडाली की दोघंही गप्प होतात. "सेफ मोडमध्ये चालू करून बघ," सर म्हणाले. "त्यात मशीन स्वतःचा साधा दुभाष्या वापरतं. त्यात बंद पडलं नाही, तर दोष त्या ड्रायव्हरचा."

सोमवारी मी तसं केलं. पडदा मोठ्या, ढोबळ अक्षरांचा, फिकट दिसायला लागला. 'सेफ्टी फर्स्ट' म्हाताऱ्यासारखं सावकाश फिरलं. फिरतच राहिलं. मी जेवले, हात धुऊन आले, तरी फिरत होतं. मला एवढा आनंद झाला की सांगायला खोलीत कोणी नव्हतं म्हणून मी बाहेर जाऊन मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मुरला ना पानी शेवटी?"

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ड्रायव्हर? ट्रकवाल्यांपैकी कोणी आत आला होता का?" तो गैरसमज दूर झाल्यावर मी म्हटलं की खरा उपाय म्हणजे मशीन उघडून आतल्या कार्डावरचं नाव वाचायचं आणि त्याचा बरोबर ड्रायव्हर मिळवायचा. पण मशीनच्या डब्यावर मेकॅनिकने एक चिकटपट्टी लावली होती, काढल्यास गॅरंटी रद्द. साहेब म्हणाले, "गॅरंटीला हात लावायचा नाही." मग मी तो साधा ड्रायव्हरच कायम लावून ठेवला. रंग गेले, पण चलनं निघायला लागली. भाऊ रजेवरून परत आले तेव्हा त्यांची माऊसची ड्यूटी संपलेली होती. ते पुन्हा टपाल फोडायला लागले, आणि मला चुकचुकल्यासारखं झालं.

पाच-सहा महिने सुखाचे गेले. तेवढ्या काळात डिस्पॅचच्या मशीनबद्दल एकच तक्रार आली, आणि ती साहेबांची होती: अक्षरांचा लाल रंग विटकरी का दिसतो?

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह यायचा. गेटवर कापडी फलक, छातीला बिल्ले, सगळ्यांनी हात पुढे करून घ्यायची शपथ, कामगारांच्या मुलांची चित्रं. त्या वर्षी मुंबईच्या हेड ऑफिसातून डायरेक्टर यायचे होते. साहेबांनी आठवडाभर आधी पनवेलच्या मेकॅनिकला बोलावलं आणि पडद्याला पूर्वीसारखे रंग आणून दे म्हणाले. मी तिथेच उभी होते. "तो ड्रायव्हर परत घातला तर मशीन पुन्हा पडेल," मी म्हटलं.

मेकॅनिक हसला. "मॅडम, आता एसी आहे ना." आणि त्याने ब्रीफकेसमधून तीच जुनी फ्लॉपी काढली.

रंग आले. साहेब खूश झाले. मी भाऊंना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि सप्ताह संपेपर्यंत माऊस सोडायचा नाही असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

डायरेक्टर आले त्या दिवशी ऊन फार होतं. शपथ झाली, भाषण झालं, प्लँटमधून फेरी झाली. हेल्मेट घातलेले डायरेक्टर घामाने भिजले होते. सगळ्यात जवळची थंड खोली कुठली, तर डिस्पॅच. साहेब त्यांना आमच्याकडे घेऊन आले. भाऊंना खुर्ची रिकामी करावी लागली, त्यांना शहाळं आणायला पिटाळलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्यात आणि माऊसमध्ये डायरेक्टर बसले होते.

पडदा काळा झाला. लाल अक्षरं आली. साहेबांचा चेहरा उजळला. "सर, हे बघा," ते म्हणाले. "आमच्याकडे मशीनसुद्धा सेफ्टी विसरत नाही."

डायरेक्टर कौतुकाने पुढे वाकले. अक्षरं एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली, थिजली, आणि पडदा निळा झाला. डायरेक्टरांना वाटलं हा पुढचा भाग आहे. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि पहिली ओळ मोठ्याने, सावकाश वाचली. फेटल एक्सेप्शन घडलं आहे, अशा अर्थाचं ते इंग्रजी वाक्य होतं.

कारखान्यात 'फेटल' हा शब्द एकाच अर्थाने वापरतात. माणूस गेला, की फेटल झालं.

"फेटल?" डायरेक्टर साहेबांकडे वळले. "कधी झालं? कुठल्या प्लँटला? मला रिपोर्ट का नाही?"

"नाही सर, फेटल नाही. म्हणजे आहे, पण मशीनचं..."

"मशीनवर कोण होतं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात मी त्यांना इतकं गरीब झालेलं पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं, "सर, कोणाला काही झालेलं नाही. कॉम्प्युटर बंद पडला की तो असंच लिहितो. आतल्या कार्डाचा ड्रायव्हर चुकीचा आहे."

"ड्रायव्हर वाचला का?" डायरेक्टरांनी विचारलं.

मला हसू आलं आणि ते मी खोकल्यात घातलं. दारात भाऊ दोन शहाळी घेऊन उभे होते. शहाळं पिऊन झाल्यावर डायरेक्टरांच्या बऱ्याचशा गोष्टी लक्षात आल्या. पण मुंबईला जाताना ते साहेबांना एवढंच म्हणाले, "सेफ्टी वीकमध्ये हा शब्द मला परत दिसता कामा नये."

गाडी गेटबाहेर पडताच साहेब म्हणाले, "गॅरंटी गेली खड्ड्यात. उघडा ते."

मामांनी स्क्रू काढले. आतल्या कार्डावर एक काळी चिप होती, तिच्यावरचं नाव मी हातावर पेनाने उतरवून घेतलं. मेकॅनिकच्या फ्लॉपीवरच्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने कार्ड एका कंपनीचं घातलं होतं आणि ड्रायव्हर दुसऱ्याच कंपनीचा. त्या नावाची फ्लॉपी पेणला सरांकडे सापडली, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात बाकीच्या फ्लॉप्यांबरोबर ठेवलेली. दुसऱ्या दिवशी मी ती घातली. अक्षरं लालभडक दिसली, सकाळपासून सुट्टी होईपर्यंत फिरली. पुन्हा कधी ती अडखळली नाहीत.

मला वाटलं, आता तरी कोणी विचारेल. हेड ऑफिसने झाल्या प्रकाराचा खुलासा मागवला होता आणि साहेबांनी तो मलाच टाइप करायला दिला. त्यात केलेल्या उपाययोजना ओळीने होत्या. वातानुकूलन. नवीन अर्थिंग. पादत्राणांवर बंदी. शेवटी लिहिलं होतं, 'ऑपरेटरला योग्य ती समज देण्यात आली.' मी ते वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. राग आला होता. पण साहेब सही करताना इतक्या सहज म्हणाले, "छान टाइप करता तुम्ही," की माझी खात्री पटली, त्यांना त्यात वावगं काही दिसतच नव्हतं. हेड ऑफिसने अर्थिंगची खास दखल घेतली. मामांना सर्टिफिकेट मिळालं. ते त्यांनी मला वाचायला लावलं, मोठ्याने, दोनदा. खरं सांगायचं माझ्या मनात एकदा आलं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तिसऱ्यांदाही वाचलं.

एका माणसाला मात्र काय झालं ते नेमकं कळलं होतं, तो म्हणजे पनवेलचा मेकॅनिक. तो दोनेक महिन्यांनी आला, साहेबांना न भेटता थेट माझ्याकडे. "मॅडम, नागोठण्याला एक मशीन आहे," तो आवाज खाली करून म्हणाला. "तिथेही मी तेच कार्ड घातलंय. ती फ्लॉपी द्याल का कॉपी करायला?"

"अजून कुठे कुठे घातलंय?"

त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मग मोजणं सोडून दिलं. "तुम्ही आमच्याकडेच का येत नाही?" तो म्हणाला.

मी गेले. पुढची काही वर्षं त्याने चुकीचे ड्रायव्हर घातलेली मशीन्स मी पेणपासून महाडपर्यंत बरोबर करत फिरले, आणि आमच्या दुकानाचं नाव फार चांगलं झालं.

राजीनामा दिला त्या दिवशी भाऊंनी मला हाताने लिहिलेलं एक शुभेच्छापत्र दिलं. ते अजून आहे माझ्याकडे. साहेबांनी निरोपाला चहा मागवला, दोन शब्द बोलले. नंतर माझ्या जागी आलेल्या मुलीला त्यांनी काय सांगितलं ते मला भाऊंकडून कळलं. ते म्हणाले होते, "आधीची मुलगी तशी चांगली होती. फक्त मशीनला फार हात लावायची."